तारेला बांधलेला ड्रोन आणि डिझेलचा कॅन: आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड (अलिबाग)

विषय: पूर व दरडींच्या काळात मोबाइल सेवेसाठी ड्रोन वापरण्याबाबत

स.न.वि.वि.

मी महाड-पोलादपूर पट्ट्यात मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करतो. माझ्या वाट्याला अठ्ठावीस टॉवर आहेत. आमच्या बोलीत त्यांना 'साइट' म्हणतात. मी कुठल्या कंपनीचा नोकर नाही, ठेकेदाराच्या ठेकेदाराचा माणूस आहे. त्यामुळे हे पत्र कोणाच्या वतीने नाही आणि कोणाच्या विरोधातही नाही.

आपत्तीच्या आराखड्यांत आणि बातम्यांत ड्रोन हा शब्द आता वरचेवर दिसतो. पंचनाम्याला ड्रोन, बेपत्ता माणसाच्या शोधाला ड्रोन. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर बेकायदा मासेमारी पकडायलाही मत्स्यव्यवसाय खात्याचे ड्रोन फिरू लागले. चांगलंच आहे. पण हे सगळे ड्रोन बघणारे आहेत. पूर आला की आम्हाला कोणी बघितलं नाही अशी आमची तक्रार नसते, वरून तर सगळेच बघून जातात. आम्हाला बोलता येत नाही, ही आमची अडचण. ड्रोनला कॅमेऱ्याऐवजी अँटेना लावता येतो आणि काही देशांत तो लावून झालाही आहे. तो आमच्या खोऱ्यासाठी कसा मागवावा आणि मुख्य म्हणजे कसा मागवू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आधी २०२१ ची गोष्ट सांगतो. २२ जुलै, गुरुवार. आदल्या रात्रीपासून सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगलेल्या, खाली बाणकोटच्या खाडीला भरती, म्हणजे पाणी जायला जागाच नाही. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. माझ्या फोनवर रात्रभर 'साइट डाउन'चे मेसेज येत होते, एकामागून एक, आणि पहाटे ते थांबले. बरं वाटायचं कारण नव्हतं. ज्या टॉवरवरून ते मेसेज येत होते तोच बंद पडला होता.

तिसऱ्या दिवशी मी आणि एक सहकारी वरंधच्या बाजूला एका साइटवर चालत गेलो. वीस लिटर डिझेलचा कॅन, आळीपाळीने खांद्यावर. रस्ता दोन ठिकाणी खचलेला, एका ठिकाणी नव्हताच. वर पोचलो तर टॉवर जसाच्या तसा उभा. एक बोल्ट हललेला नाही, पावसाने धुऊन उलट चकचकीत झालेला. आत बॅटऱ्या उतरलेल्या, डीजीची टाकी कोरडी. डीजी म्हणजे डिझेल जनरेटर. टाकी कोरडी झाली की लाइनमध्ये हवा धरते, नुसतं डिझेल ओतून तो चालू होत नाही. पान्याने नट सैल करून, हाताने पंप मारून हवा काढली. विसाव्या मिनिटाला मशीन खोकलं आणि सुरू झालं. कपाटातले दिवे लागले. तोवर आवाज ऐकून वाडीतली माणसं गोळा झाली होती, सगळ्यांचे फोन हवेत.

रेंज आली नाही.

"भाऊ, मशीन तर चालू झालं ना? मग?" एका मुलाने विचारलं. मग तिथेच उभं राहून सांगावं लागलं की, बाबांनो, हा टॉवर म्हणजे नळ आहे, विहीर नाही. तुमचा आवाज इथून फायबरच्या तारेतून खाली जातो. ती तार रस्त्याच्या कडेने पुरलेली होती आणि रस्ता तर तुम्ही बघितलाच. येताना एका वाहून गेलेल्या मोरीपाशी तिची काळी नळी लोंबकळताना आम्ही पाहिली होती. तिचं दुसरं टोक कुठे गेलं ते सावित्रीला माहीत.

एक आजी म्हणाली, "मग तू तरी सांग की माझ्या पोराला." आणि तिने नातवाच्या वहीचं पान फाडलं. बघता बघता सगळ्यांनी फाडली. आम्ही खाली उतरलो तेव्हा माझ्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत सत्तेचाळीस चिठ्ठ्या होत्या. संध्याकाळी हायवेच्या एका चढावर, जिथे एक दांडी येत-जात होती, तिथे उभा राहून मी फोन लावत बसलो. भांडुप, नालासोपारा, दिवा, सुरत. एका चिठ्ठीवर होतं: आई ठीक, बाबा ठीक, म्हैस गेली, येऊ नको, रस्ता नाही. पलीकडून मुलगा "हं, हं" एवढंच करत राहिला आणि शेवटी विचारलं, "म्हैस कुठली, थोरली?" मला कुठून माहीत असणार! एका चिठ्ठीवरचे शेवटचे दोन आकडे पावसाने पुसले होते. दोन आकडे म्हणजे शंभर शक्यता. वीसेक लावून पाहिले, मग माझ्याच फोनची बॅटरी संपली.

त्याच गुरुवारी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. ऐंशीहून अधिक माणसं गेली. मदत पोचली ती दुसऱ्या दिवशी. मी असं म्हणणार नाही की फोन चालू असता तर ती सगळी वाचली असती. दरड कोसळायला काही क्षण लागतात. पण बाहेरच्या जगाला कळायला जे तास गेले, ते दरडीने घेतलेले नव्हते. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००५ च्या जुलैमध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते गाडली गेली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीची फेरी घेऊन गेला आणि गाव जागेवर दिसेना. एसटी हे आमचं जुनं आणि भरवशाचं संदेशवहन आहे, पण तिलाही रस्ता लागतो.

आता ड्रोनकडे येतो. तारीख लक्षात घ्या. महाड बुडालं त्याच्या आदल्याच दिवशी, २१ जुलै २०२१ ला, चीनच्या हेनान प्रांतात भयंकर पूर होता आणि मिहे नावाच्या गावाचा वीज-फोन सगळा संपर्क तुटला होता. तिथे त्यांनी विंग लूंग-२एच हा मोठा, विमानासारखा ड्रोन मोबाइलची यंत्रणा लावून पाठवला. तो दूरच्या ग्वेइचौ प्रांतातून उडून आला, गावावर घिरट्या घालत राहिला आणि सुमारे ५० चौरस किलोमीटर भागात पाच तास मोबाइल चालू झाला. गावकऱ्यांच्या फोनवर आधी संदेश आला: ड्रोन तुमच्या डोक्यावर आहे, वेळ पाच तासच आहे, परिस्थिती कळवा, घरच्यांशी बोलून घ्या. पहिल्या दोनेक तासांतच अडीच हजारांवर फोन त्याला जोडले गेले. हे मी नंतर वाचलं तेव्हा त्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या आठवल्या. म्हैस थोरली की धाकटी, हे त्या मुलाने आईलाच विचारलं असतं.

तरीही माझी विनंती आहे की असा ड्रोन मागू नका. तो लष्करी जातीचा, त्याला धावपट्टी हवी, त्याची किंमत आणि त्याचा तामझाम राज्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय पाच तासांनी तो जातो आणि आमचे रस्ते पाच तासांत उघडत नाहीत. उंच आकाशातून इंटरनेट देण्याचे मोठे मोठे प्रयोगही पाहून झाले. फेसबुकने अकिला नावाचं सौरऊर्जेवरचं विमान काढलं, २०१८ मध्ये गुंडाळलं. गूगलच्या घरातल्या लून कंपनीचे फुगे २०१७ च्या वादळानंतर पोर्टो रिकोत खरोखर कामाला आले, पण तोही उद्योग २०२१ मध्ये बंद झाला. श्रीमंतांना जे परवडलं नाही ते आपण सुरू करण्यात अर्थ नाही.

टिकलं ते साधं. तारेला बांधलेला ड्रोन. त्याच पोर्टो रिकोत मारिया वादळाने बेटावरचे जवळपास सगळे, शंभरातले पंचाण्णव मोबाइल टॉवर बंद पाडले होते. तिथे एटी अँड टी कंपनीने सुमारे २०० फुटांवर एक ड्रोन टांगला. खालच्या गाडीतून वायरने त्याला वीज आणि त्याच वायरने फोनचं सगळं बोलणं वर-खाली. चाळीस चौरस मैलांपर्यंत, म्हणजे साधारण शंभर चौरस किलोमीटर पल्ला. जपानमध्ये १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, रस्ते आमच्यासारखेच डोंगर-समुद्राच्या मधले, तेही आमच्यासारखेच खचले. वाजिमा भागात सॉफ्टबँकने शंभर मीटरपर्यंत जाणारा वायरवरचा ड्रोन वापरला. दुसऱ्या दोन कंपन्यांनी तर जहाजावर मोबाइलची यंत्रणा चढवून ते किनाऱ्यालगत उभं केलं. श्रीवर्धन-दिवेआगरवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ गेल्यावर तिथली माणसं कित्येक दिवस जगापासून तुटलेली होती आणि समुद्र मात्र समोरच होता.

तारेचा फायदा ज्याने बॅटरीवरचा ड्रोन उडवला आहे त्याला सांगायला नको. लग्नात फोटो काढणारा ड्रोन वीस-पंचवीस मिनिटांत खाली येतो. अँटेना आणि रेडिओचं वजन दिलं तर आणखी लवकर. वायर असली की खाली जनरेटर चालेल तोवर तो वर राहतो. पायलटला फारसं काही करावं लागत नाही, कारण ड्रोनने कुठे जायचंच नसतं. तो एका जागी लटकतो, एवढंच त्याचं काम. आमचा गावाकडचा टॉवर साधारण चाळीस मीटरचा असतो. हा शंभर मीटरवर जातो. सपाट मुलखात एवढ्या उंचीवरून पस्तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत नजर पोचते.

पण आमचा मुलूख सपाट नाही. ज्या सादरीकरणात तुम्हाला नकाशावर मोठं गोल वर्तुळ काढून 'एवढा भाग व्यापला जाईल' असं दाखवतील, तिथे कृपया त्या माणसाला विचारा की या वर्तुळात डोंगर किती. रेडिओची लाट डोंगर ओलांडत नाही. आणि वरून आवाज खाली पोचला तरी खालच्या फोनने उत्तर द्यायला हवं, त्या बिचाऱ्याची ताकद टॉवरच्या मानाने अगदीच थोडी. सावित्रीच्या खोऱ्यात एका जागेवरून एक खोरं दिसेल, शेजारचं नाही. म्हणून ड्रोन कुठला घ्यायचा याआधी तो कुठून टांगायचा हे ठरवावं लागेल. ती जागा गुगलच्या नकाशावर बसून ठरत नाही. तिथे पुराचं पाणी येता कामा नये, वर विजेच्या तारा नसाव्यात, गाडी पोचली पाहिजे आणि रस्ता तुटला तर संच चार माणसांनी उचलून नेता आला पाहिजे. अशा जागा आम्हाला माहीत आहेत. गुराख्यांना आमच्याहून जास्त माहीत आहेत, कारण रेंज कुठल्या दगडावर येते हे तालुक्यात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

वाऱ्याचं खरं सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल की फसवलं. निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. या जातीचे ड्रोन साधारण ताशी चाळीस-पन्नासच्या वाऱ्यापर्यंतच धरतात. म्हणजे वादळ चालू असताना हा ड्रोन पेटीतच राहणार. जुलैच्या झडीत, घाटाच्या तोंडाशी झोत येत असतील तेव्हाही तो खाली घ्यावा लागेल, पाऊस उघडला की पुन्हा वर. त्याचा उपयोग वादळ ओसरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस, एनडीआरएफची माणसं पोचलेली असतात आणि तार जोडणारी पोचलेली नसतात तेव्हाचा. तेवढंच मागतोय. पण ते दोन-तीन दिवस आमचे सगळ्यात लांब दिवस असतात.

दुसरी गोष्ट त्या नळ आणि विहिरीची. ड्रोन हाही नळच आहे. शंभर मीटरवर टांगलात म्हणून त्यात पाणी येत नाही. त्याच्या खाली उपग्रहाची डिश हवी किंवा दिसणाऱ्या, चालू असलेल्या टॉवरकडे तोंड करून लावलेली मायक्रोवेव्ह, म्हणजे तारेशिवाय बोलणं पुढे नेणारी अँटेना, हवी. निविदा काढताना या डिशचं आणि तिच्या वर्षभराच्या भाड्याचं कलम राहून गेलं, तर तुम्ही एक अतिशय महाग पतंग विकत घेतलेला असेल. मी हे मुद्दाम लिहितो, कारण यंत्र घेणं आणि त्याला लागणारं रोजचं काहीतरी विसरणं हा आपला जुना रोग आहे. रुग्णवाहिका असते, चालक नसतो. जनरेटर असतो, डिझेल नसतं.

तिसरी गोष्ट पेटी कुठे ठेवायची. राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळे आणि नागपूरला, एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ. संच तिथे ठेवला तर तो आमच्याकडे निघेल तोच मुळी रस्ते बंद झाल्यावर. पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी महाडला येऊन राहते, तसाच हाही जूनच्या आधी तालुक्यात येऊन राहायला हवा. आणि तालुक्यात म्हणजे महाडच्या सखल भागातल्या कुठल्याशा सरकारी खोलीत नव्हे. २०२१ मध्ये जे जे 'आपत्तीसाठी' म्हणून शहरात ठेवलेलं होतं, त्यातलं बरंच आधी बुडालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला पैसे लागत नाहीत. मिहेच्या ड्रोनवर चालली ती एकाच कंपनीची सेवा, चायना मोबाइलची. आमच्याकडे एका घरात चार कंपन्यांची चार सिमं असतात. ड्रोन एका कंपनीचा आणि बाकीच्यांनी खाली उभं राहून बघायचं, असं झालं तर लोक ड्रोनला दगड मारतील आणि मी त्यांना अडवणार नाही. यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. आपत्तीत एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर चढू द्यायचं, त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी दूरसंचार विभागाने गुजरातच्या किनारी जिल्ह्यांत ते सुरू करायला लावलं होतं. ड्रोनवरची लहर, म्हणजे स्पेक्ट्रम, ही परवान्याची लहर आहे, सरकार ती स्वतः वापरू शकत नाही, कंपनीलाच बरोबर घ्यावं लागतं. मग करार आधीच करा. पूर आल्यावर मुंबई-दिल्ली पत्रव्यवहार नको. 'जिल्हाधिकाऱ्यांनी कळवल्यापासून अमुक वेळात रोमिंग चालू' एवढं वाक्य मे महिन्यात सही होऊन अलिबागच्या नियंत्रण कक्षात भिंतीवर लावलेलं असू द्या.

उडवायच्या परवानगीची भीती मात्र कोणी घालू नये. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही. आपली गरज शंभरची आहे. ड्रोनची नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते काढून ठेवायला बारा महिने आहेत. मात्र बचावाची हेलिकॉप्टरं त्याच खोऱ्यात उतरतात आणि हवेत ताणलेली बारीक तार पायलटला दिसत नाही. हा धोका खरा आहे. हेलिकॉप्टर येतंय म्हटल्यावर ड्रोन किती मिनिटांत खाली येईल, हे दोघांच्या वायरलेसवर आधी ठरलेलं पाहिजे. तारेला लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधा, रात्री दिवा लावा.

आणि एक शंका आत्ताच लिहून ठेवतो. अशा ड्रोनला खाली कोणकोणते फोन आहेत ते दिसतं. ढिगाऱ्याखालचा माणूस शोधायला ते कामाचं आहे, पण मोर्च्यावर टांगला तर तेही तो तितक्याच इमानाने दाखवेल. आपत्तीचा संच आपत्तीसाठीच, आणि त्यातली नोंद ठरावीक मुदतीत पुसायची, हे कागदावर असू द्या.

खर्चाचा प्रश्न येईल. ड्रोनचे भाव माहीत नसल्याचं सोंग मी करत नाही, पण माझ्यासारख्याने आकडा सांगण्यात अर्थ नाही, तो निविदेत येईलच. मी दुसरं सुचवतो. २०२७ ला नाशिकचा सिंहस्थ आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभात गर्दीवर नजर ठेवायला तारेला बांधलेले ड्रोन होते, नाशिकलाही येतील. कॅमेऱ्याबरोबर मोबाइलची यंत्रणा चढेल असेच घ्या, म्हणजे मेळा संपल्यावर ते गोदामात न जाता कोकणात येतील. फक्त एक हात जोडून विनंती, कोकणच्या नावावर घेतलेला संच आषाढीच्या वारीला 'दोन आठवड्यांसाठी' नेऊ नका. विठोबाबद्दल आमची तक्रार नाही. पण वारी आणि दरड एकाच महिन्यात येतात.

आणि जर पैसे खरोखर कमी असतील, तर माझं ऐका, ड्रोन राहू द्या. आधी डिझेल बघा. मी सांगितलेला तो टॉवर आठवा, एक बोल्ट हललेला नव्हता. आमच्याकडे बंद पडणाऱ्या टॉवरांतले बहुतेक असेच पडतात: वीज गेली, बॅटरी काही तासांत उतरली, डिझेल वर पोचलं नाही. पावसाळ्याआधी डोंगरातल्या ठरावीक साइटवर चार-पाच दिवसांचा साठा करून ठेवणं, जनरेटर जोत्यावर उचलून घेणं, वाडीतल्या दोन पोरांना लाइनमधली हवा काढायला शिकवणं, याला ड्रोनच्या मानाने काहीच खर्च नाही. कंपन्यांना हे सांगायचे अधिकार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने तुमच्याकडे आहेत. याची बातमी होणार नाही, फीत कापायला काही नाही, हे मला कळतं. ड्रोन जिथे तार तुटली, टॉवर आडवा झाला, तिथे. डिझेल सगळीकडे. हा क्रम उलटा झाला तर पुढच्या पुरात तुमचा ड्रोन अशा टॉवरच्या डोक्यावर लटकत असेल ज्याला फक्त वीस लिटरचा एक कॅन हवा होता.

२० जुलै २०२३ च्या सकाळी राज्यातल्या कितीतरी फोनवर मोठ्याने भोंगा वाजला होता, आठवतं का? केंद्राच्या आपत्ती इशारा यंत्रणेची ती चाचणी होती. आदल्याच रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली होती आणि त्या सकाळी लोक चिखल तुडवत वर चढत होते. इशाऱ्याची ती यंत्रणा चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण भोंगा वाजायला खाली चालू टॉवर लागतो, आणि आपण चाचणी घेतो ती टॉवर चालू असलेल्या गावांची.

म्हणून माझी मागणी एका सरावाची आहे, खरेदीची नंतर. जपानी म्हणा, आपल्याकडची एखादी कंपनी म्हणा, ज्यांच्याकडे तारेचा ड्रोन आहे त्यांना एका दिवसासाठी बोलवा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस असताना. फेब्रुवारीतल्या निळ्या आकाशाखाली, मांडव घालून, साहेबांच्या हस्ते नको. वरंधच्या बाजूची जागा मी दाखवतो. सरावाच्या वेळी त्या खोऱ्यातले सगळे टॉवर दोन तास बंद ठेवायला कंपन्यांना सांगा, लोकांना आधी दवंडी द्या, तलाठी-पोलीसपाटलांना वायरलेस द्या. आपदा मित्रांची, म्हणजे आपत्तीसाठी शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांची पोरं, आमच्या महाड-पोलादपूरची गिर्यारोहक मंडळी, हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी वायरलेसवाले, सगळ्यांना बोलवा. चारही कंपन्यांच्या सिमांचे साधे, बटणवाले फोन घेऊन आम्ही वाड्या-वाड्यांतून चालत जाऊ आणि रेंज कुठल्या वळणावर तुटते तिथे दगडावर चुन्याने खूण करू. धनगरवाड्यापर्यंत जाऊ, कारण नकाशात ती वाडी नसते.

त्या दिवशी मी सुट्टी टाकून येतो. डीजीचा पाना आणि डिझेलचा कॅन माझा.

कळावे,
आपला,
एक टॉवर टेक्निशियन
ता. महाड, जि. रायगड